समोरची खिडकी

नागपुरात होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजू लागतो. ताडपत्रीत गुंडाळून बाल्कनीत ठेवलेले कूलर उघडतात, त्यांच्या पोटातून पाली निघतात, चिमणीचं घरटं निघतं, गेल्या सालचं वाळून खडखडीत झालेलं शेवाळ निघतं, आणि माझ्यासारख्याला दुपारचं जेवण चारला मिळू लागतं. कूलर बनवणं, बसवणं, दुरुस्त करणं हा माझा धंदा. आता दुकान पोरगा पाहतो, मी फक्त जुन्या गिऱ्हाइकांकडे जातो. आयुष्यभर लोकांच्या निजायच्या खोल्यांत शिरलो, तेही त्यांची झोप उडालेली असताना. त्यामुळे उन्हाळ्यात झोप का लागत नाही, याबद्दल माझं एक मत बनलं आहे. बहुतेक घरांत गारवा पुरेसा असतो. अडचण असते ती गरम हवेला बाहेर पडायला वाट नसण्याची.

एप्रिल-मेमधली तक्रार ठरलेली. "काकाजी, तुमचा कूलर गरमच हवा फेकून राहिला. रात्रभर डोळ्याले डोळा नाही." मी जातो. कूलर चांगला असतो. पंप पाणी चढवतोय, ताट्या ओल्याकिच्च, पंखा झपाट्यात. पण खोलीचं दार बंद, समोरची खिडकी बंद, तिच्यावर जाड पडदा, आणि पलंगावरची चादर हाताला ओलसर. खिडकी का लावली म्हणून विचारलं की उत्तर येतं, "थंडी हवा बाहेर जाते नं!"

हा एसीचा हिशेब कूलरला लावलेला असतो. एसी खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा ओढून थंड करतो, त्याला बंद खोली लागते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, ओल्या ताटीतून आत ढकलतो. वाटेत पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. एक लिटर पाणी असं उडालं की जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. तेच पाणी गॅसवर ठेवून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या आठपट. म्हणून बाहेर ४२ अंश असताना, हवा कोरडी असेल तर, कूलरच्या तोंडाशी २६-२७ अंशांची झुळूक मिळते, आणि तीही दीड-दोनशे वॉटमध्ये. दीड टनाचा एसी त्याच्या सात-आठपट वीज खातो.

पण ती उडालेली वाफ जाते कुठं? खोलीतच. तिला बाहेर काढलं नाही तर अर्ध्या तासात हवा दमट होते. दमट हवेत घाम वाळत नाही, घाम वाळला नाही तर अंग निवत नाही, मग माणूस कूलरचा वेग वाढवतो, म्हणजे आणखी वाफ. रात्री दोनच्या सुमाराला तो उठून बसतो आणि सकाळी मला फोन करतो.

आमचे उस्ताद मोमिनपुऱ्याचे. पत्रा कापण्यात त्यांचा हात इतका साफ की कड हाताला लागायची नाही. कुणाच्या घरी गेले की कूलरकडे ते आधी बघतच नसत. खिशातून अगरबत्ती काढायची, पेटवायची आणि खोलीच्या मधोमध उभं राहायचं. धूर कुठं ओढला जातो ते बघायचं. सरळ वर जाऊन छताशी गोल फिरत राहिला तर म्हणायचे, "इस कमरे में हवा आती है, जाती नहीं." मग खिडक्या एकेक करून उघडायचे. दार दोन बोटं, खिडकी चार बोटं, कधी स्वयंपाकघराची जाळी. ज्या क्षणी धूर आडवा होऊन कूलरकडून पलंगावरून समोरच्या खिडकीकडे सरळ रेघ धरायचा, त्या क्षणी अगरबत्ती विझवून खिशात. पैसे फक्त फेरीचे. मीही अजून अगरबत्ती बाळगतो. पोरगा हसतो, त्याच्याकडे वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आहे. यंत्र वेग सांगतं, वळण सांगत नाही.

ढोबळ हिशेब असा: खोलीतली सगळी हवा दर दोन मिनिटांनी बदलली पाहिजे. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे १२०० घनफूट. तिला मिनिटाला ६०० घनफूट हवा फेकणारा लहान कूलर पुरतो. आपल्याकडे मात्र अशा खोलीला तीन-चार हजारांचा दांडगा कूलर लावायची हौस. तो लावायचा तर हवा बाहेर जायला चार-सहा चौरस फुटांची वाट हवी, म्हणजे जवळजवळ अख्खी खिडकी. तेवढी उघडी कुणी ठेवत नाही. त्यापेक्षा लहान कूलर, अर्धी खिडकी आणि रात्रभर झोप हा सौदा स्वस्तातला. धंदेवाल्यानं हे सांगू नये, पण सांगतो.

आता खिडकी का उघडत नाहीत, याकडे मी कधी नुसता अडाणीपणा म्हणून बघितलं नाही. कारण सुरुवातीलाच एक घर पाहिलं होतं. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक शिक्षिका. कूलर मागच्या खिडकीत, समोरची खिडकी थेट गल्लीत उघडणारी. गज होते, पण गजांतून हात आत येतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही म्हणता ते मले समजते. पण खिडकी उघडी ठेवून मी जागीच राहीन. मग काय उपयोग?" यावर कुठलं शास्त्र काय बोलणार? झोपेला गारवा लागतो तशी निर्धास्तीही लागते, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. त्यांच्या घरी आम्ही खिडकीला हात लावलाच नाही. दाराच्या वर, छताच्या खाली हातभर, भिंत फोडून झरोका काढला, त्याला आतून जाळी, बाहेरून लोखंडी पट्ट्या. गरम हवा तशीही वर चढते. झरोका वरच असेल तर ती सर्वांत आधी निघून जाते. महाल, इतवारी या भागांतल्या जुन्या वाड्यांत असे झरोके प्रत्येक खोलीला असत, मधल्या चौकातून हवा वर खेचली जाई. पुढं लिंटलच्या वर नुसती भिंत आली, आणि सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या, ज्या पूर्ण उघडल्या तरी अर्ध्याच उघडतात. पैसे पूर्ण खिडकीचे घेतात, ते वेगळं.

ज्यांना भिंत फोडणं शक्य नाही, भाड्याचं घर आहे, त्यांना मी जाळीचं दार सुचवतो. बाहेरचं लाकडी दार उघडं, आतलं जाळीचं बंद, कडी आतून. किंवा न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा रात्रभर चालू आणि न्हाणीचं दार किलकिलं. हवा त्या बाजूनं खेचली जाते. आवाज होतो थोडा, पण आवाजाचं पुढं बोलू.

ताट्यांबद्दल लोक फार विचारतात, म्हणून थोडं सांगतो. पूर्वी वाळ्याच्या ताट्या. वाळा म्हणजे गवताची मुळं. ओली झाली की जो वास सुटतो त्यानं निम्मी झोप तिथंच येते. कूलर नव्हते तेव्हा मोठ्या घरांत, कचेऱ्यांत दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे टांगून माणूस त्यावर पाणी मारत बसायचा; लू त्यातून आत शिरताना गार व्हायची. पुढं लाकडाच्या लांब पातळ कापांच्या ताट्या आल्या, वुडवूल. स्वस्त, हवा मोकळी जाते, पण एका हंगामात बसतात, खाली सरकतात आणि वरच्या बाजूला भोक पडतं. त्या भोकातून कोरडी गरम हवा सरळ आत येते. कूलर गरम हवा टाकतो म्हटलं की मी पहिल्यांदा ताटीची वरची चार बोटं चाचपतो. आता मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड आलेत, हनीकोंब म्हणतात. तीन-चार हंगाम टिकतात, गारवाही चांगला. फक्त आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. पॅडच्या कडांवर पांढरा थर धरतो, एकेक पोकळी बुजत जाते. टाकीतलं पाणी उडतं, क्षार उरतात, त्यावर रोज नवं पाणी ओतलं की क्षारांचा पाक होतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची. हे केलं की दुसरंही काम होतं. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. महापालिकेचे लोक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात, त्याचा अर्थ हाच. ऐकतं कोण? टाकी उचलून ओतायची कुणाची तयारी नसते. म्हणून मी बनवलेल्या प्रत्येक पत्र्याच्या कूलरला तळाशी झाकणाची नळी असते.

मार्चमधलं आमचं काम जवळून पाहायचं असेल तर एखाद्या सकाळी दुकानात या. कूलर पालथा घातलेला असतो. तळाचा जुना डांबराचा थर खरवडायचा, खाली पत्रा गंजून जाळी झालेला दिसतो. तिथं ठिगळ, मग गरम डांबर ब्रशनं. पंखा काढायचा, बुश पाहायचे, बोटानं पातं फिरवून कान लावायचा. पातं किती वेळ फिरतं आणि थांबताना खरखरतं की गुपचूप थांबतं, यावरून निम्मं निदान होतं. कपॅसिटर दमला असेल तर पंखा फिरतो पण जोर नसतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं हवाच कमी झाली या वर्षी. वरच्या पन्हळीची भोकं सुईनं मोकळी करायची. एका बाजूची भोकं बुजली की तिकडची ताटी कोरडी राहते, आणि पंखा मेला नेमका कोरड्या बाजूनंच जास्त हवा ओढतो, कारण तिथं अडथळा कमी.

विजेचं बोलायलाच हवं. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं कुणी ना कुणी गेल्याची बातमी असते. पाणी भरणारी बाई, खेळता खेळता जाळीला हात लावणारं लेकरू. पत्र्याचं अंग, आत पाणी, पाण्यात पंप, पंपाच्या वायरला टेप गुंडाळून दिलेला जोड, आणि भिंतीत अर्थिंगची वायर नाहीच. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात खुपसणारे महाभाग मी पाहिले आहेत. टाकीच्या आत जोड मी देत नाही, अख्खी वायर बदलतो, गिऱ्हाईक कितीही कुरकुरो. आणि एकच हुकूम: पाणी भरायच्या आधी प्लग काढा. बटण बंद करू नका, प्लग काढा. बटणावर भरवसा नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद करूनही करंट कूलरपर्यंत आलेलाच असतो. घरात गळती पकडून वीज तोडणारं ईएलसीबी बसवून घ्या म्हणून सांगतो. कूलरच्या किमतीपुढं तो खर्च जड नाही.

आवाजाचं म्हणालो होतो. एसीवाले म्हणतात, कूलरच्या घरघरीत झोप कशी लागते तुम्हाला? उलट विचारा. विदर्भातल्या माणसाला मे महिन्यात त्या घरघरीशिवाय झोप लागत नाही. लाइट जाते तेव्हा उकाड्यानं जाग यायला पाच-दहा मिनिटं लागली असती, पण घरघर थांबते त्याच क्षणी अख्खा लेआउट जागा होतो. खाटा करकरतात, दारं उघडतात, कुणीतरी ओरडून विचारतं, "तुमच्याकडची पण गेली का?" हा प्रश्न विचारून काही होत नाही, तरी विचारला जातो. अशा वेळी आमची म्हातारी एकच करायची. सुती लुगड्याचा तुकडा पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, पोटऱ्यांवर आणि पावलांवर टाकायची. तेव्हा ते जुन्या बायकांचं काहीतरी वाटायचं. पुढं एका डॉक्टर गिऱ्हाइकानं कारण सांगितलं: झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान अंशभर उतरावं लागतं आणि ती उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते. तळवे गार, हवा खेळती, की काम सोपं. त्यांनी आणखी एक सांगितलं, निजण्याआधी बर्फाच्या पाण्यानं अंघोळ करू नका, कोमट किंवा माठातल्या पाण्यानं करा. फार गार पाण्यानं कातडीखालच्या शिरा आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. तेव्हापासून फेरी संपली की मी हे फुकटात सांगतो.

चादर ओली करून पांघरणारे लोक आहेत, ते ठीक. ओल्या गादीवर झोपणारे मात्र पहाटे पाठ धरून उठतात. खरा घोटाळा गादीचाच असतो. फोमची गादी अंगाची ऊब धरून ठेवते; पाठीखाली घाम साचतो, तिथं ना कूलर पोचतो ना पंखा. सुताच्या पट्ट्यांची, म्हणजे नवारीची बाज असेल, वर पातळ सतरंजी, तर खालूनही हवा लागते. बाज नसेल तर फरशीवर चटई. खोलीत खाली आणि वर किती फरक असतो ते शिडीवर चढून छताशी डोकं नेलं की कळतं. वरच्या मजल्यावरच्या घरात मी पंख्याला हात घालायला चढलो की कानाच्या पाळ्या भाजतात. तिथून छताचा पंखा गरम हवा खाली लोटत असतो. हवा चाळिशीच्या वर असेल तर तसला नुसता पंखा अंगाला आणखी तापवतो. त्यापेक्षा संध्याकाळी ऊन उतरलं की टेबल फॅन खिडकीत ठेवून त्याचं तोंड बाहेर करायचं, तासभर खोलीतली हवा बाहेर फेकायची. मग तोंड आत.

आणि छत. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरा-बारापर्यंत ते खोलीत ओकत राहतो. पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, पण सूर्य गेला की पत्रा झटक्यात निवतो. मध्यरात्री पत्र्याच्या खोलीत स्लॅबच्या खोलीपेक्षा बरं वाटतं, हे ऐकून इंजिनीयर गिऱ्हाईकसुद्धा चमकतात. मराठवाड्यातलं माळवद आणखी तिसरंच. मातीचा जाड थर, दुपारी खाली गार, आणि रात्री माणसं वर झोपायला. स्लॅबवाल्यांना उपाय जुनाच आहे, चुना. मार्चमध्ये गच्चीवर चुन्याचे दोन हात मारायचे, चिकटायला त्यात थोडा फेव्हिकॉल. पांढरी गच्ची ऊन परत फेकते. खोलीत फरक पडतो तो हात छताला लावून कळतो, मोजायला यंत्र लागत नाही.

गच्चीवर झोपणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत चांगला बंदोबस्त होता. सहा वाजता पाणी मारायचं. पहिल्या बादलीला चर्र आवाज, दुसरीला वाफ, तिसरीला कुठं फरशी ऐकते. गाद्या आठला पसरायच्या आणि दहाला त्यांवर पडायचं, मधले दोन तास त्यांना आभाळाखाली निवू द्यायचं. कोरड्या, मोकळ्या आभाळाकडे जमीन रात्री भराभर उष्णता सोडते. म्हणून नागपुरात दिवसा ४३ असलं तरी मेमधलं पहाटेचं सरासरी तापमान २८ च्या आसपास येतं. तीन-चार वाजता चादर ओढून घ्यावी लागायची. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये दोरीवर लुगडं. साडेपाचला माश्या उठवायच्या.

ते गेलं. लोक म्हणतात एसीमुळं गेलं, मला तसं वाटत नाही. फ्लॅट स्कीममध्ये गच्चीला कुलूप असतं, किल्ली सेक्रेटरीकडे, आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश, आता सोलर. शिवाय चार घरांची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, तिथं दोरीवर लुगडं टांगून बायका झोपणार कशा? गच्ची आहे तिथं डास आहेत, मच्छरदाणीला खांब नाहीत. एका गिऱ्हाइकाला मी गच्चीवर चार लोखंडी पाइप बसवून दिले, दुसऱ्या महिन्यात सोसायटीनं काढायला लावले. दिसायला बरं दिसत नाही म्हणे.

रात्रीही आता पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. हवामान खातं उष्ण रात्र अशी वेगळी नोंद करतं: दिवसा पारा ४० किंवा वर, आणि रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त. माझ्या हिशेबानं सांगायचं तर पूर्वी गिऱ्हाईक तीनच्या सुमाराला उठून पंप बंद करायचे, नुसता पंखा पुरायचा; आता सकाळी जातो तर टाकी तळाला गेलेली असते. म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, हृदयाचं दुखणं असलेले, यांना अशा रात्री कूलरच्या भरवशावर सोडू नये. अंग तापलंय, माणूस बरळतोय, तर मेकॅनिकला नाही, डॉक्टरला फोन करायचा. मला एकदा असा फोन आला होता, "बाबांले कूलरची हवा लागून नाही राहिली." आवाजावरूनच ओळखलं आणि रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं.

नवतपा, म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस, हा आमचा सणासुदीचा काळ. तो सरला आणि ढग येऊ लागले की फोनची तऱ्हा बदलते. जूनच्या मध्यावर पावसाची पहिली सर पडली की दुसऱ्या रात्री सगळ्या नागपूरचे कूलर एकदम बिघडतात. बिघडत काहीच नाही. हवेतच पाणी भरलेलं असतं, ती ताटीतलं आणखी पाणी घेत नाही. मी फोनवरच सांगतो, पंप बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा, दोन्ही खिडक्या उघडा. काहींना पटतं. काही म्हणतात, या तर खरं, पाहून जा. मग जातो, पंप बंद करतो, चहा पितो.

माझी पुतणी लग्न होऊन पनवेलला गेली. पहिल्याच उन्हाळ्यात तिचा फोन: "काका, इथं जीव नकोसा झाला, एक कूलर पाठवून द्या नं." मी म्हटलं, पाठवणार नाही. तिला राग आला. नागपूरच्या मुलीला कूलर नाकारणं म्हणजे माहेर नाकारण्यासारखंच. तिला समजावलं की तुमच्याकडे दिवसा ३३-३४ च असतं, रात्री २७ च्या खाली उतरत नाही, आणि हवा आधीच भिजलेली. तिथं कूलर फार तर तीन-चार अंश उतरवेल आणि बदल्यात गाद्या, कपाटातले कपडे, भिंती ओल्या करेल. तिकडं अंगावरचा घाम वाळवणं हेच काम, आणि ते वाऱ्याचं. जोरदार उभा पंखा पलंगाच्या पायथ्याशी, अंगावर तिरपा. समुद्राकडून वारा कुठल्या खिडकीनं येतो ते अगरबत्ती लावून पाहायचं आणि त्याच्या समोरचं दार उघडं ठेवायचं. सुती झुळझुळीत मच्छरदाणी, आणि फोमची गादी उचलून त्या जागी बाज.

बाज मी इथूनच पाठवली, ट्रान्सपोर्टनं, पाय सुटे करून. सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं, हॉलमध्ये बाज काय म्हणून. आता ती बाज सासूबाईंच्या ताब्यात आहे, आणि पुतणी दुसरी मागते आहे.